संकरित जास्वंदाचं रोप: फूल बघण्याआधी पिशवी दाबून बघा

नर्सरीच्या दारातच मांडलेली फूटभर उंचीची रोपं, त्यावर बशीएवढं केशरी-जांभळं फूल. ‘पुणे व्हरायटी’, ‘ऑस्ट्रेलियन’, जे नाव खपेल ते लावून साधारण दोनशे-तीनशे रुपयांना विकतात. गावठी तांबडं जास्वंद तिथेच पन्नासच्या आसपास मिळतं. रंगाबद्दल तक्रार नाहीच. गावठी फूल संध्याकाळी मिटतं, हे बऱ्याचदा दोन दिवस टिकतं. घोळ असतो तो पिशवीत.

पिशवी दाबून बघा. विटेसारखी घट्ट लागली तर आत लाल चिकणमातीचा गोळा आहे. आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरभरून येणाऱ्या रोपांना बरेचदा अशीच माती असते. प्रवासात ओल धरायला ती उत्तम, कुंडीत मात्र वैरीण. एकदा सुकली की पाणी तिच्या बाजूने निघून जातं, गोळा आतून कोरडाच राहतो. सतत ओली राहिली तर मुळं कुजतात. दोन्ही वेळा रोप माना टाकतं आणि आपण आणखी पाणी ओततो. तेव्हा आणल्या आणल्या लावू नका. चार-पाच दिवस अर्धसावलीत ठेवा, मग पिशवी कापून गोळा अर्धा तास बादलीत बुडवा आणि बाहेरची निम्मी माती बोटांनी हलकेच सोडवा. सगळी धुऊ नका, पांढरी तंतुमुळं तुटतात. एप्रिल-मेमध्ये हा उद्योग नकोच.

कुंडी दहा-बारा इंची, तळाला भोकं मोकळी. चार भाग माती, तीन भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. ऊन किमान पाच-सहा तास. त्याहून कमी मिळालं तर पानं झकास येतात, कळ्या नाहीत.

बुटकं रोप कळ्यांनी लगडलेलं असेल तर वाढ आखडून धरणारं औषध दिलेलं असू शकतं. त्याचा असर ओसरला की फांद्या लांबतात. फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी एक-तृतीयांश छाटा. खोडाच्या तळाशी जोड दिसला तर ते गावठीच्या खोडावर बांधलेलं कलम आहे. जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा खुडायचा, नाहीतर वर्षभरात संकरिताच्या जागी गावठीच उरतं.

खताला १३:०:४५ (नत्र आणि पालाश असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी. स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालेलं जास्वंदाला मानवत नाही, तेव्हा ‘फुलांसाठी’ म्हणून डीएपी हे स्फुरदाचं खत टाकू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय; बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं, चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी द्या. कळ्या उमलण्याआधीच गळत असतील तर आधी पाण्याची अनियमितता तपासा, मग फुलकिडे. शेंड्याच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण: लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडा द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या खालूनही. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही मोडावी लागते, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

गणपतीला वाहायला आणि खोबरेल तेलात उकळायला गावठी तांबडंच घ्या, रोज भरपूर फुलं देतं. (‘हिबिस्कस टी’ म्हणून विकतात ती बहुधा लाल अंबाडीची बोंडं असतात, हे जास्वंद नव्हे.)

रंगाला पाचपैकी पाच, नर्सरीच्या मातीला दीड. गावठीला तर पैसेही लागत नाहीत: पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची काडी डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली कापून ओल्या मातीत खोचा, महिन्या-सव्वा महिन्यात मुळं धरते. संकरिताची काडी सहसा अशी लागत नाही, म्हणून कलम, आणि म्हणून ती किंमत.