दाइगिंजो की यामाहाई: साकेची पहिली बाटली निवडताना

साकेची, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्याची, एकच बाटली घ्यायची असली, की बहुतेकांचा हात महागड्या जुन्माई दाइगिंजोकडे वळतो आणि शेजारची यामाहाई जुन्माई तशीच राहते. दोन्ही तांदूळ, पाणी, कोजी बुरशी आणि यीस्ट यांपासूनच बनतात, कारण 'जुन्माई' या नावाखाली वेगळे अल्कोहोल मिसळता येत नाही. दोन्हींत अल्कोहोलही साधारणतः 15 ते 16 टक्केच असते. खरा फरक तांदूळ किती सडला, म्हणजे घासून त्याचा बाहेरचा थर किती काढला, आणि विरजण (आंबवण सुरू करणारे यीस्टचे मिश्रण) कसे लावले, यात आहे.

दाइगिंजोसाठी दाणा इतका सडतात की त्याचा जास्तीत जास्त 50 टक्के भाग उरतो. बाहेरच्या थरातील प्रथिने व स्निग्धांश असे निघून गेल्यावर कमी तापमानात सावकाश आंबवलेल्या या साकेला सफरचंदाची, केळ्याची आठवण करून देणारा सुगंध येतो. त्यात फळ मुळीच नसते, तो गंध यीस्टच निर्माण करते. ती 10 ते 15 अंशांवर, शक्यतो निमुळत्या तोंडाच्या वाइनच्या ग्लासातून, साशिमीसारख्या (कच्च्या माशाचे पातळ काप) हलक्या पदार्थांबरोबर घ्यावी. कढत केली तर ज्या सुगंधासाठी पैसे मोजले, तोच उडून जातो.

यामाहाईची गोष्ट मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. पूर्वी किमोतो पद्धतीत भात आणि कोजी लाकडी दांड्यांनी तासन्‌तास घोटत असत. हे कष्ट टाळले तरी विरजण नीट लागते, असे 1909 च्या सुमारास सरकारी संशोधनातून दिसून आले आणि यामाहाई जन्मली. आजच्या प्रचलित पद्धतीत लॅक्टिक आम्ल बाहेरून घालतात, तर येथे ते जिवाणूंकडून तयार होऊ देतात. त्यामुळे विरजणाला सुमारे दुप्पट वेळ लागतो, पण चवीला आंबटसर धार आणि भरीव उमामी (रश्शासारखी खोल, रुचकर चव) येते. भाजलेला बांगडा, अळंबी किंवा मिसोतील (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणातील) रस्सा यांच्यापुढे दाइगिंजो फिकी पडते, यामाहाई मात्र तोडीस तोड उभी राहते.

जेवणाबरोबर पिणाऱ्याने माझ्या मते यामाहाईच घ्यावी. जेवणापूर्वी नुसता सुगंध अनुभवायचा असेल, तर दाइगिंजो. यामाहाईचा पहिला पेला थंड, दुसरा सामान्य तापमानाला आणि तिसरा 40 ते 45 अंशांवर घ्यावा, म्हणजे एकाच बाटलीतील आंबटपणा हळूहळू कसा मवाळ होतो ते कळेल. मात्र ती थेट आचेवर तापवू नये. तोक्कुरी नावाच्या सुरईत ओतून, आच बंद केलेल्या गरम पाण्यात काही मिनिटे ठेवावी.