स्टार ट्रेकची जुनी कार्टून मालिका ब्लू-रेवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

'स्टार ट्रेक: दि ॲनिमेटेड सिरीज'चा ब्लू-रे संच घेऊन बरेच महिने झाले. सगळे २२ भाग बघून झाले, आवडले ते पुन्हा लावले, काही भाच्याला शेजारी बसवून बघितले. संच घ्यावा का, असं ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. माझं उत्तर 'हो, जरूर' असंच आहे. फक्त चित्रांच्या ओढीने घ्याल तर हिरमोड होईल. हा संच घ्यायचा तो पटकथांसाठी.

मूळ 'स्टार ट्रेक', म्हणजे अंतराळजहाजातून नवनव्या ग्रहांवर फिरणाऱ्या मंडळींची अमेरिकी मालिका, तीन सीझननंतर १९६९ मध्ये बंद पडली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची, त्यामुळे कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय आमच्या पिढीला घरचेच. पण सप्टेंबर १९७३ ते ऑक्टोबर १९७४ या काळात फिल्मेशन या अमेरिकी स्टुडिओने एनबीसी वाहिनीसाठी तिचं कार्टून रूप काढलं होतं, हे इकडे फार कुणाला ठाऊक नसतं. शनिवारी सकाळी, मुलांच्या कार्यक्रमांच्या वेळेत ते दाखवत. मी ते पहिल्यांदा बघितलं अमेरिकेत नोकरीला असताना, २००६ साली निघालेल्या डीव्हीडी संचावर. तो तिकडच्या रिजनचा, इथल्या प्लेअरवर चालला नसता, म्हणून परत येताना मैत्रिणीला देऊन आले. ब्लू-रे निघाला २०१६ मध्ये, 'स्टार ट्रेक'च्या पन्नासाव्या वर्षी.

आधी चित्राबद्दल बोलते, कारण तक्रारी सगळ्या तिथेच आहेत. फिल्मेशनचं काम काटकसरीचं. एकदा काढलेलं दृश्य ते पुन्हापुन्हा वापरायचे: कर्कचा तोच जवळून दिसणारा चेहरा, पडद्याकडे बघणारा तोच स्पॉक, तेच धावणारे पाय. संगीताचे तुकडेही मोजकेच, ते आलटूनपालटून वाजतात. म्हणून ही मालिका एका बैठकीत बघू नका. एक भाग जेमतेम २४ मिनिटांचा आहे. आठवड्याला एक-दोन बघितले तर त्याच त्या दृश्यांचा जाच होत नाही. ओळीने चार लावले की कंटाळा यायला लागतो आणि मग चांगला भागही वाया जातो.

ब्लू-रेवर चित्र डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, रंग भरगच्च आहेत. पण सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकवर, हाताने रंगवलेली ही चित्रं. कॅमेऱ्याखाली ठेवताना त्यांच्यावर जी धूळ बसली होती तीही आता लख्ख दिसते. मला याचा त्रास झाला नाही, उलट आनंदच झाला. एखाद्या ग्रहाच्या आभाळाकडे नीट बघितलं तर रंगाचा हात कुठे जाड बसलाय, कुठे पातळ, ते कळतं. पात्रं हलवण्यात हात आखडता घेतला असला तरी मागची चित्रं काढणाऱ्यांनी मन लावून काम केलंय. स्पॉकच्या व्हल्कन या ग्रहावरचं वाळवंट, परक्या ग्रहांवरची झाडं, मोडकळीला आलेली अंतराळयानं, हे सगळं थांबवून बघण्यासारखं आहे.

काटकसरीतून कधीकधी छान युक्त्याही निघाल्या. इथे कुणी अंतराळवीराचा पोशाख घालत नाही. कमरेला एक पट्टा असतो, तो चालू केला की अंगाभोवती पिवळसर प्रकाशाची कड दिसते आणि माणूस निर्वात पोकळीत खुशाल हिंडतो. नवे पोशाख काढायचे कष्ट वाचले आणि गोष्टीत एक नवं यंत्रही आलं. शिवाय रबरी मुखवटे लागत नसल्यामुळे परग्रहवासी माणसासारखेच असायला हवेत हे बंधन उरलं नाही. जहाजावरचा एरेक्स तीन हातांचा, तीन पायांचा आहे. एम्रेस ही मांजरवंशी अधिकारी बोलताना मधूनच घुरघुरते. १९६० च्या दशकातल्या मूळ मालिकेला हे परवडलंच नसतं.

आता आवाज. शॅटनर, निमॉय, डीफॉरेस्ट केली, जेम्स डूहन, मेजल बॅरेट, सगळे मूळ मालिकेतलेच कलाकार. सुलू आणि उहुरा या जहाजावरच्या अधिकाऱ्यांचे आवाज मात्र पैसे वाचवायला डूहन आणि बॅरेट यांच्याकडूनच काढून घ्यायचं घाटत होतं. स्पॉक करणाऱ्या लेनर्ड निमॉयने त्याला ठाम नकार दिला. सुलू करणारा जॉर्ज टकेई आणि उहुरा करणारी निशेल निकोल्स नसतील तर मीही नाही, अशी भूमिका त्याने घेतली, आणि दोघंही आले. मला या माणसाबद्दल आधीपासून आदर आहेच, तो या गोष्टीने दुणावला. मूळ मालिकेत चेकॉव्ह हा अधिकारी करणाऱ्या वॉल्टर कीनिगला काही जागा मिळाली नाही. त्याने एका भागाची पटकथा मात्र लिहिली. डूहनचं तर किती कौतुक करावं! जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी तो, एरेक्स तो, आणि अर्धेअधिक पाहुणेही तोच.

पटकथांची सूत्रं लेखिका डी. सी. फॉन्टाना यांच्या हातात होती. त्यांनी मूळ मालिकेतले लेखक गोळा केले, लॅरी निव्हनसारखा विज्ञानकथाकारही आणला. म्हणूनच या गोष्टी मुलांसाठी पातळ केलेल्या वाटत नाहीत. पहिलाच भाग घ्या. एक प्रचंड, मेलेलं यान सापडतं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. त्याच्या सगळ्या कोठड्या आतून फुटलेल्या. आत शिरलेल्या एका दुष्ट शक्तीला दुसरीकडे पोचू द्यायचं नाही म्हणून त्या खलाशांनी स्वतःच आपलं यान उडवून दिलेलं असतं. शनिवारी सकाळी मुलांसमोर ही गोष्ट!

आणि 'येस्टरइयर'. फॉन्टाना यांनी स्वतः लिहिलेला हा भाग म्हणजे संचाची सगळी किंमत वसूल. काळाच्या दारातून भूतकाळ बघून स्पॉक परत येतो, तर जहाजावर त्याला कुणी ओळखत नाही. त्याच्या जागी थेलिन नावाचा, अँडोरियन या परग्रही वंशाचा निळा अधिकारी आहे. नोंदी तपासल्यावर कळतं, की या जगात स्पॉक सात वर्षांचा असतानाच वाळवंटातल्या परीक्षेत मेला. लहानपणी त्याला वाचवणारा दूरचा भाऊ म्हणजे खरं तर मोठेपणीचा तो स्वतःच होता. मग तो व्हल्कनवर जातो, आपल्याच आईवडिलांच्या घरी पाहुणा म्हणून राहतो, आपल्याच लहान रूपाशी बोलतो. तो मुलगा अर्धा व्हल्कन, अर्धा माणूस म्हणून इतर पोरांच्या टोमण्यांनी गांजलेला. त्याच्याजवळ आय-चाया नावाचा म्हातारा पाळीव प्राणी आहे, अस्वलाएवढा, सुळे असलेला. मुलगा एकटाच वाळवंटात जातो, आय-चाया मागोमाग जातो आणि त्याला वाचवताना विषारी जखम घेऊन पडतो. मुलगा रात्रीचा धावत जाऊन वैद्याला आणतो. उशीर झालेला असतो. वैद्य दोन वाटा सांगतो: औषधाने आयुष्य वाढेल पण वेदना राहतील, नाहीतर आता शांतपणे जाऊ द्यायचं. निर्णय मुलाने घ्यायचा.

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. तोवर तो सोफ्यावर लोळत बघत होता, इथे उठून बसला. मुलाने 'जाऊ द्या' म्हटल्यावर तो माझ्याकडे वळला. "मावशी, औषध होतं ना? मग का नाही दिलं?" त्याला खूप दुखत राहिलं असतं, असं मी म्हटलं. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पण मग ठरवायला त्या छोट्याला का लावलं? मोठा स्पॉक होता की तिथे." प्रश्न बिनतोड आहे. गोष्टीचा गाभाच तो. भावना बाजूला ठेवून विवेकाने जगणारा स्पॉक आपण नेहमी बघतो. तो तसा झाला तो या एका रात्री, आणि ते ठरवण्याचं काम दुसरं कुणी त्याच्यासाठी करू शकत नव्हतं. निमॉयचा आवाज या भागात फार जपून लागलाय. आपल्याच दुःखाशेजारी उभं राहून ते परक्याचं असल्यासारखं बोलायचं, हे त्याने चढउतार न करता साधलंय. वडील सारेक यांच्यासाठी मार्क लेनर्डही मूळचेच आहेत, त्यामुळे बापलेकांमधलं अवघडलेपण कानाला लगेच कळतं.

बाकीच्या भागांत 'दि स्लेव्हर वेपन' आवर्जून बघा. निव्हनने स्वतःच्याच कथेवरून तो लिहिलाय. त्यात कर्क अजिबात नाही, फक्त स्पॉक, सुलू आणि उहुरा. त्यातल्या हिंस्र मांजरवंशी शत्रूंना गुलाबी पोशाख कुणी दिले कोण जाणे, पण गोष्ट घट्ट विणलेली आहे. 'दि लॉरेलाय सिग्नल'मध्ये पुरुष मंडळी भुरळ पडून हतबल होतात आणि जहाजाची सूत्रं उहुरा हातात घेते. निकोल्सला मूळ मालिकेने ही संधी द्यायला हवी होती. 'दि प्रॅक्टिकल जोकर'मध्ये जहाजाचा संगणकच सगळ्यांच्या खोड्या काढतो. भाच्याचा हा लाडका भाग. त्यात एक करमणुकीची खोली आहे, हवं ते दृश्य आजूबाजूला उभं करणारी. १९८७ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या मालिकेतला होलोडेक तो हाच. कुकुलकान या माया देवतेवरचा भाग रसेल बेट्स आणि डेव्हिड वाइज यांचा. बेट्स स्वतः कायोवा या मूलनिवासी जमातीचे, आणि गोष्टीत कोमांची वंशाचा एक तरुण अधिकारी आहे, तोच कोडं सोडवायला मदत करतो. मालिकेला १९७५ मध्ये डेटाइम एमी मिळाला.

सगळेच भाग असे नाहीत. हॅरी मड या भामट्याचा प्रेमाच्या गुटीवरचा भाग मला अजिबात रुचला नाही. ट्रिबल्स या केसाळ प्राण्यांचा भाग मूळ मालिकेतल्या त्यांच्या भागाची उजळणी वाटते. 'दि काउंटर-क्लॉक इन्सिडंट' या शेवटच्या भागात उलट्या वाहणाऱ्या काळाची कल्पना तपासायला गेलं तर टिकत नाही.

संच घेणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मराठी किंवा हिंदी आवाज यात नाही, त्यामुळे लहान मुलांसोबत बघायचं तर शेजारी बसून सांगावं लागतं. ज्याच्याकडून घ्याल त्याला रिजन आधी विचारा. चित्र जुन्या चौकोनी आकाराचं आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. टीव्हीचं चित्र ताणण्याचं सेटिंग बंद करा, नाहीतर स्पॉक फुगलेला दिसेल. जोडीला दिलेल्या गोष्टींत मालिकेच्या निर्मितीवरचा माहितीपट चांगला आहे. काही भागांवर लेखक डेव्हिड जेरोल्ड यांचं बोलणं ऐकता येतं. 'स्टार ट्रेक'चे जाणकार मायकेल आणि डेनिस ओकुडा यांच्या टिपा काही भागांत पडद्यावर उमटत राहतात, त्या फारच माहितीपूर्ण आहेत. 'येस्टरइयर'लाही त्या आहेत, पण तो भाग पहिल्यांदा बघताना टिपा बंद ठेवा.