क्रेऑन 25000 : गोळाभात, मे महिन्याचं ऊन आणि तुंबणारं आतडं

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे अंगातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार, असलेल्या बहुतेकांचं स्वादुपिंड लहानपणीच कामातून जातं. तेल-तूप पचवणारं लायपेज हे एन्झाइम आतड्यात पोचत नाही, शौच तेलकट-चिकट होते आणि कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. ती उणीव क्रेऑन ही एन्झाइमची कॅप्सूल बाहेरून भरून काढते, आणि नीट घेतली तर चोख भरून काढते. डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

25000 हा लायपेजच्या युनिटचा आकडा आहे. दुकानात ती नसली की 10000 ची पुढे करतात. चालते, पण दोन घेतल्या तरी 25000 भरत नाहीत. ‘एन्झाइमचंच आहे’ म्हणून दिलेल्या पाचक सिरपवर लायपेज किती ते छापलेलं नसेल, तर ते सरळ परत करावं.

मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, पण हिशेब आपल्यालाही यावा. जेवणातल्या दर ग्रॅम तेल-तुपामागे सरासरी 1800 युनिट लागतात. कोणाला 500 पुरतात, कोणाला 4000 लागतात. गोळाभातावर दोन मोठे चमचे फोडणीचं तेल ओतलं की सुमारे 28 ग्रॅम झाले, म्हणजे दोन कॅप्सूल. वरणभातावर लहान चमचाभर तूप असेल तर 10000 ची एक पुरे. तर्रीचा रस्सा असेल तर वाटीवर तरंगणारं तेल पाहूनच मोजायचं. एका जेवणाला वजनाच्या किलोमागे 2500 आणि दिवसाला 10000 युनिट ही वरची हद्द. 50 किलोच्या माणसाला जेवणाला पाच, दिवसभरात वीस. ही हद्द उगाच घातलेली नाही : फार मोठ्या मात्रेने मोठं आतडं आतून जाड होऊन आखडल्याचे रुग्ण 1994 मध्ये नोंदले गेले.

पहिल्या घासासोबत घ्यायची. पंगत लांबली तर निम्मी मात्रा मधे. चावायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून दाणे थंड, आंबट, मऊ पदार्थावर टाकून लगेच गिळावेत. गरम भातात किंवा दुधात टाकले की दाण्यांवरचं आवरण आधीच विरघळतं आणि पोटातलं आम्ल एन्झाइम मारून टाकतं.

विदर्भात खरी अडचण साठवणीची. 25 अंशांच्या आत ठेवायचं औषध, आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. टिनाखालची फळी, गाडीची डिक्की, एसटीची खिडकी, सगळं वर्ज्य. कूलरच्या झोतासमोरही नको, ओल लागते. मूळ वेष्टनात, घरातल्या सर्वात थंड आणि कोरड्या खोलीत ठेवा. मात्रा तीच असून शौच पुन्हा तेलकट झाली, तर आधी औषध उन्हात तापलं का ते तपासा, मगच मात्रेचा विचार करा.

एवढं करूनही आतडं तुंबू शकतं, आणि ते थांबवणं एकट्या क्रेऑनच्या हातात नाही. या आजारात आतड्यातला स्राव मुळातच घट्ट असतो, त्यात घामावाटे मीठ भरमसाट जातं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत उन्हात राबणाऱ्याचं पाणी तुटलं की लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, मळ अडकतो. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घोळून प्या. वारंवार तुंबत असेल तर डॉक्टर रोज पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मळ मऊ करणारी, पावडर देतात. इसबगोलावर भिस्त नको, पाणी कमी असलं की तो नुसता फुगतो.

पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, वारा सरत नाही : मग पावडर तोंडाने देऊ नका, सीटी स्कॅन आणि सर्जन असलेलं सेवाग्राम किंवा नागपूर गाठा. उजवीकडचं दुखणं पाहून आधी अपेंडिक्सचाच संशय येतो. म्हणून आजाराचं नाव आणि जन्मतः आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही दारातच सांगा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही या आजारात जास्त. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, 40 व्या वर्षापासून, अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल तर 30 पासून; आणि पोट साफ करायचं औषध इतरांपेक्षा जास्त लागतं, हे तारीख घेतानाच बोलून घ्या.