घाटातली टर्बो पेट्रोल गाडी: कंपनीचा कॅम व व्हीव्हीटी, की मोठा कॅम?

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना पुढे चिऱ्याने भरलेला ट्रक असला, की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये 1,800 ते 2,200 आरपीएमवर रेंगाळते आणि वळणापुढे मोकळा रस्ता दिसताच तिथूनच पिकअप मिळावा लागतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट (कॅम) कंपनीचाच ठेवावा, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चालत्या इंजिनात बदलणाऱ्या व्हीव्हीटी यंत्रणेसह, की व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारा मोठा कॅम बसवावा, हा निर्णय या क्षणाकडे पाहून घ्यावा, असे माझे मत आहे. 5,500 आरपीएमच्या आसपास मिळणाऱ्या कमाल ताकदीचा या रस्त्यांवर फारसा उपयोग होत नाही.

हवा आत घेणारा इनटेक आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याच्या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या आरपीएमवर तो वाढवला की सिलिंडर चांगला भरतो. टर्बो इंजिनात मात्र एक्झॉस्टच्या वाटेत टर्बाइन, म्हणजे त्या वायूवर फिरणारे टर्बोचे चाक, बसलेले असते. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला जोरात फिरू लागला की एक्झॉस्टकडचा दाब बूस्टपेक्षाही (टर्बोने आत दाबलेल्या हवेच्या दाबापेक्षाही) वाढतो, जळलेला वायू सिलिंडरमध्ये उलटा शिरतो, मिश्रण तापते आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर हेच गणित उलटते. तेव्हा बूस्ट एक्झॉस्टच्या दाबापेक्षा जास्त असू शकतो, आणि त्या वेळी मिळालेला ओव्हरलॅप सिलिंडर धुऊन काढतो व टर्बाइनकडे जास्त हवा पाठवून टर्बो लवकर उचलतो. म्हणजे एकाच इंजिनाला दोन वेगळे ओव्हरलॅप हवे असतात.

आकड्यांत पाहू. दोन्ही बाजूंची ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) 270 क्रँक-अंश आणि इनटेक व एक्झॉस्टच्या लोबमधला (कॅमच्या उंचवट्यांमधला) कोन 110 कॅम-अंश (एक कॅम-अंश म्हणजे दोन क्रँक-अंश) असलेल्या, व्हीव्हीटी नसलेल्या ठरावीक कॅमचा ओव्हरलॅप 50 क्रँक-अंश येतो आणि तो आयडलिंगपासून रेडलाइनपर्यंत 50च राहतो. 240 अंशांच्या सौम्य कॅमवर हा कोन 118 ठेवला तर ओव्हरलॅप 4 अंश येतो, आणि व्हीव्हीटीने इनटेक कॅम 40 क्रँक-अंश पुढे सरकवला की 44 होतो. मोठ्या कॅममुळे आयडलिंग डळमळते आणि ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम कमी होतो, तो तोटा वेगळाच. मोठा टर्बो, मोकळा एक्झॉस्ट आणि ट्रॅकवर पळवण्याची हौस असेल तर अशा कॅमला अर्थ आहे. रोज घाट चढणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

केवळ इनटेकवर व्हीव्हीटी की दोन्ही कॅमवर, हा प्रश्न मला त्या मानाने दुय्यम वाटतो. इनटेक पुढे सरकला की ओव्हरलॅप वाढतो आणि व्हॉल्व्ह लवकर बंद होऊन घेतलेली हवा परत ढकलली जात नाही. खालच्या आरपीएमचा बराचसा फायदा इथेच पदरात पडतो. एक्झॉस्ट बाजूही बदलता आली तर टर्बाइनला मिळणाऱ्या उर्जेवर ताबा येतो. होंडाने सिव्हिक टाइप आरच्या 2.0 लिटर टर्बो इंजिनात लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) बदलणारी व्हीटेक यंत्रणा एक्झॉस्ट बाजूलाच ठेवली, यावरून त्या बाजूचे महत्त्व कळते.

त्याहून मोठा फरक इंधन कुठे फवारले जाते याने पडतो. फ्राँक्सच्या 1.0 बूस्टरजेटसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद झाल्यावर इंधन सोडता येते, म्हणून ओव्हरलॅपमध्ये नुसती हवाच पुढे जाते. नेक्सॉनच्या 1.2 टर्बोसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (इंधन इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारणाऱ्या) इंजिनात हवेबरोबर पेट्रोलही निसटते आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, त्यामुळे हा डाव तिथे मर्यादितच खेळता येतो. ही दोन्ही इंजिने तीन सिलिंडरची आहेत. त्यांत दोन एक्झॉस्ट ठोक्यांमध्ये (सिलिंडरमधून वायू बाहेर पडतानाच्या धक्क्यांमध्ये) 240 क्रँक-अंशांचे अंतर पडते. चार सिलिंडरमध्ये ते 180 असते, म्हणून एक्झॉस्ट कॅमची ड्युरेशन लांबली की एका सिलिंडरचा ठोका दुसऱ्याच्या ओव्हरलॅपमध्ये घुसतो. तीन सिलिंडर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

व्हीव्हीटीची खरी दुखरी नस तेल आहे, कारण बहुतेक गाड्यांत फेझर, म्हणजे कॅम पुढे-मागे सरकवणारा भाग, तेलाच्या दाबावरच फिरतो. पावसाळ्यात मी केवळ बाजारापर्यंतच गाडी काढत राहिलो आणि तेल बदलणे लांबवले. इंजिन पुरेसे तापत नसल्याने आत साठणारी वाफ आणि पेट्रोल उडून जात नव्हते. सकाळी स्टार्टर मारला की दोन सेकंद खर्रर्र असा आवाज येऊ लागला. गॅरेजमध्ये फेझरकडे तेल सोडणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर त्याच्या बारीक जाळीवर काळा चिखल चिकटला होता. ठरावीक कॅमला हा त्रास नाही, हे मान्य. पण जाळी साफ करून नवे तेल घालणे हे कॅम बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

जुनी टर्बो गाडी पाहायला जाल तेव्हा ती रात्रभर बंद ठेवायला सांगा, पहिला स्टार्टर स्वतः मारून तो खर्रर्र आवाज येतो का ते ऐका, आणि मग चढावर दुसऱ्या गिअरमध्ये 2,000 आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल देऊन ती कशी उचलते ते पाहा.