रोजची एक आणि हौसेची एक, की दोन्हींसाठी एकच? ठाण्यातल्या घरासाठी एक तुलना

ज्यांना गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे आणि ज्यांनी त्यासाठी बरीच वर्षे पैसे बाजूला ठेवले आहेत, अशा माणसासमोर ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहताना दोन मार्ग असतात. कार्यालय, शाळा, बाजार आणि रविवारचा घाट हे सगळे एकाच वेगवान, पण पाच जणांच्या गाडीवर सोपवायचे, किंवा रोजच्या कामासाठी साधी हॅचबॅक ठेवून तिच्या जोडीला दोन आसनांची वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची. मी आधी तीन वर्षे पहिल्या मार्गाने काढली आणि आता चौथे वर्ष दुसऱ्या मार्गाने काढतो आहे. तुलना नेमकी व्हावी म्हणून पहिल्या बाजूला फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि दुसऱ्या बाजूला मारुती बलेनो व बीएमडब्ल्यू झेड4 एम40आय ही जोडी धरतो.

पैशांचा हिशेब प्रथम उरकतो. जीटीआय 2025 मध्ये सुमारे 53 लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली आणि महाराष्ट्रातला रस्ताकर व विमा धरला, तर तिचा खर्च साठ लाखांच्या पुढे जातो. झेड4 वापरलेली घेतली तरच दुसरा मार्ग या रकमेच्या जवळपास येतो. ही गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली असेल असे पाहावे. दिल्लीहून किंवा बंगळुरूहून आणलेल्या गाडीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि इथला कर हे सगळे पुन्हा करावे लागते आणि स्वस्तात मिळाल्याचा आनंद आरटीओच्या खिडकीपाशी संपतो. विम्याच्या बाबतीत मात्र अनेकांचा अंदाज चुकतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 1500 सीसीपेक्षा मोठ्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 7,897 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीचा 3,416 रुपये आहे, म्हणजे घरात बलेनो आल्याने या सक्तीच्या विम्यात फारशी भर पडत नाही. खरा खर्च स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा असतो. विमा नियामकाने 2022 मध्ये कमी चालणाऱ्या गाडीला कमी हप्ता आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना एकत्र पॉलिसी अशा दोन्ही सोयींना परवानगी दिली असल्याने, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या मालकाने त्यांची चौकशी अवश्य करावी.

निर्णय खऱ्या अर्थाने जिथे अडतो ती गोष्ट म्हणजे दुसरी जागा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सामान्यतः एकच पार्किंग मिळते. सर्वांना देऊन जागा उरल्या, तरच दुसरी जागा मिळू शकते आणि तीही वर्षापुरती. स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे "ही दुसरी जागा आमच्या नावावर आहे" या तोंडी भरवशावर कोणीही गाडी घेऊ नये. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये अनेक ठिकाणी एकावर एक अशी यांत्रिक पार्किंग असते. झेड4 ची उंची तिथे अडत नाही, अडते ती रुंदी, कारण ती 1,864 मिमी आहे आणि बलेनोची 1,745 मिमी. शिवाय प्लॅटफॉर्मच्या कडेवर चढताना गाडीचे नाक आधी टेकते. दुसरी जागा लेखी स्वरूपात मिळत नसेल, तर माझ्या मते पुढचा विचारच थांबवावा आणि जीटीआय घ्यावी.

गतिरोधकांविषयी जे सरसकट बोलले जाते ते मला अपुरे वाटते. झेड4 चे पोट जमिनीपासून 114 मिमी उंचीवर आहे, बलेनोचे 170 मिमी. भारतीय रस्ते परिषदेच्या शिफारशीनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंमी उंच असावा, म्हणजेच त्याची कमान 17 मीटर त्रिज्येची असावी. झेड4 च्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 2.47 मीटर आहे. या कमानीवर गाडीची चारही चाके एकाच वेळी असतात तेव्हा मधला फुगवटा पोटाच्या दिशेने जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो आणि गाडी न घासता निघते. अडचण होते ती रातोरात डांबर ओतून केलेल्या अरुंद, उभ्या उंचवट्यांवर. तो उंचवटा चाकांच्या अंतरापेक्षा अरुंद असला की त्याची पूर्ण उंची पोटाला भिडते. 10 सेंमी उंचीलाही मग फक्त 14 मिमी उरतात आणि दोन माणसे बसल्यावर सस्पेन्शन दबले की तेही संपतात. म्हणून आपल्या रोजच्या वाटेवरचे गतिरोधक एकदा पायी चालून पाहावेत. जीटीआयला यातले बरेच उंचवटे सोसतात, पण खड्ड्यांचा प्रश्न तिलाही आहे.

पावसाळ्यात दोन गाड्यांचा मार्ग स्पष्टपणे सरस ठरतो. कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात जुलै महिन्यात 35 प्रोफाइलचे, म्हणजे बुटक्या बाजूचे टायर घेऊन रोज जाणे म्हणजे रिमशी जुगार आहे. झेड4 च्या 255/35 टायरची बाजू जेमतेम 89 मिमी असते, तर बलेनोच्या 195/55 टायरची 107 मिमी, आणि तिच्या डिकीत निदान स्टेपनी तरी असते. पाणी साचलेल्या रस्त्यावर बलेनोही नेऊ नये. मात्र नेमके त्याच दिवशी कार्यालय गाठणे भाग असेल, तर कोणती गाडी काढावी हा प्रश्न दोन गाड्यांच्या घरात पडत नाही. पहिल्या मार्गाच्या तीन वर्षांत मी दोन टायर आणि एक रिम अशाच दिवसांत गमावले.

पण याच पावसाळ्यात दुसऱ्या मार्गाची खरी किंमतही कळते. पहिल्या वर्षी मी स्पोर्ट्स कार सात आठवडे जागेवरून हलवली नाही. बॅटरी पूर्ण उतरली, ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा थर बसला आणि खाडीकडच्या दमट हवेने स्टिअरिंगच्या चामड्यावर बुरशी धरली. ही चूक सर्वस्वी माझी होती. उभी गाडी सुरक्षित असते, हा समज मुळातच खोटा आहे. एकाच जागी उभ्या टायरला खालून सपाटपणा येतो, इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कापडी छताच्या कडेच्या पन्हाळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत उतरते. उपाय अवघड नाही: आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास गाडी चालवावी, आणि पार्किंगमध्ये ट्रिकल चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर लावावा. त्या चार्जरसाठी लागणारे सॉकेट आणि स्वतंत्र मीटर यांना संस्थेची परवानगी दुसऱ्या जागेच्या अर्जासोबतच मागून ठेवावी. ज्यांच्या नोकरीत महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी जातात, त्यांनी हा मार्ग घेऊ नये. रोज चालणाऱ्या एकाच गाडीला हे आजार होत नाहीत.

सामानाचा मुद्दा थोडक्यात सांगतो: जीटीआयची डिकी 380 लिटरची, बलेनोची 318, झेड4 ची 281, आणि झेड4 मध्ये तिसऱ्या माणसाला जागाच नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते चालवण्याचे सुख. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आणि ठाणेकरांना 120 किमीची वेगमर्यादा असलेला रस्ता घराजवळ मिळाला. परंतु ती मर्यादा 265 अश्वशक्तीची जीटीआय आणि 340 अश्वशक्तीची झेड4 दोघींनाही सारखीच लागू आहे, आणि ती बलेनोलाही गाठता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सपाटीला 100 ची मर्यादा आहे आणि पुढे कॅमेरे आहेत. वेगासाठी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल, तर तो पैसा इथे वाया जातो, असे मी स्पष्टपणे म्हणेन. झेड4 ची किंमत मला वसूल होते ती डिसेंबरच्या पहाटे माळशेजच्या वळणांवर, चाळीस-पन्नासच्या वेगात, छत उघडे असताना. हे छत 10 सेकंदांत उघडते आणि गाडी 50 किमीच्या आत चालत असतानाही उघडता येते. मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात बसून वळण घेताना गाडी वळते आहे हे कमरेला कळते. हा अनुभव जीटीआय कितीही चपळ असली, तरी देत नाही. जीटीआयचे सुख वेगळे आहे: मागे मुले बसलेली असतानाही घाट आनंदात पार होतो आणि कुटुंबाला घरी ठेवून निघाल्याची रुखरुख राहत नाही. मात्र रोज तीन हात नाक्यावरची रांग आणि रविवारचा घाट एकाच स्टिअरिंगमागे घालवल्यावर माझी तेव्हाच्या एकुलत्या एका गाडीबद्दलची ओढ वर्षभरात कमी झाली, हे मी अनुभवाने सांगतो.

घरात दोघे नोकरीला जात असतील आणि दुसरी गाडी तशीही लागणारच असेल, तर माझा कौल बलेनो आणि झेड4 च्या जोडीला आहे. एकच चालक, एकच जागा आणि लहान मुले असतील, तर जीटीआय निःशंकपणे घ्यावी. जोडीकडे मन झुकले असेल, तर टोकन देण्याआधी विक्रेत्याला वापरलेली गाडी तुमच्या संस्थेत आणायला सांगा, शेजारच्या आसनावर घरच्या माणसाला बसवा आणि रस्ता, गेट, उतार, प्लॅटफॉर्म असा क्रम स्वतः चालवून पाहा. कोणाला तरी बाहेर उभे करून नाकाखाली आणि पोटाखाली किती बोटे जागा उरते, ते प्रत्येक ठिकाणी बघायला लावा.