२९ ने सुरू होणारा जीएसटी नंबर आणि माझे १९,२०० रुपये

आधीच सांगून टाकते, मी अकाउंट्समध्ये आहे. चौदा वर्षं झाली. कोणाच्या बिलावर जीएसटी नंबर चुकलाय, कोणी राउंड ऑफच्या नावाखाली काय घुसडलंय, हे शोधायचा मला पगार मिळतो. आणि मीच एका जंपिंगवाल्याच्या (मुलांना उड्या मारायचं हवेचं खेळणं भाड्याने देणाऱ्याच्या) नादी लागून १९,२०० रुपये घालवून बसले. ऑफिसात अजून कोणालाही सांगितलेलं नाही. माहेरी फक्त आईला माहीत आहे, तिलाही रक्कम कमी करून सांगितली आहे.

लेकीचा पाचवा वाढदिवस होता. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला, क्लबहाउस आणि पुढचं छोटं लॉन, रविवार, संध्याकाळी साडेपाच. चाळीस मुलं. केक, वडापाव आणि आइस्क्रीम ठरलं होतं. राहिला होता तो मुलांना दोन तास गुंतवून ठेवायचा प्रश्न. वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला मिकी माउस आलं होतं (हवेचं जंपिंग, आमच्याकडची सगळी मुलं त्याला मिकी माउसच म्हणतात, त्यावर डायनोसॉर का असेना), त्यामुळे आमच्या घरात तीन आठवडे दुसरा विषयच नव्हता.

तीन जणांकडून कोटेशन मागवलं. जंपिंग, जादूगार, टॅटू, पॉपकॉर्न, कॉटन कँडी, साउंड, आणि तो गोल फिरणारा ३६० डिग्री व्हिडिओ. पहिल्याने ३६,००० सांगितले. दुसऱ्याने ३३,५००. तिसऱ्याने २१,००० आणि वर बबल मशीन फुकट. हो, माहितीय, इथेच तुम्ही म्हणणार, एवढा फरक बघून कळलं नाही का? नाही कळलं. कारण आमच्या धंद्यात तीन कोटेशनमध्ये एवढा फरक मी दर महिन्याला बघते, आणि तिथे स्वस्तवाला चोर असतोच असं नाही. शिवाय हा माणूस शुद्ध मराठी बोलत होता, प्रत्येक वाक्याला 'ताई' म्हणत होता, आणि मेसेज गेला की दोन मिनिटांत उत्तर. पहिले दोघं तर फोन उचलायलाच दिवस लावत होते.

त्यातल्या दुसऱ्याबद्दल सांगते, कारण त्याची आठवण आता रोज येते. त्याने फोन उचलल्यावर प्रश्नांची सरबत्तीच लावली. लॉनवर माती आहे की फरशी? खुंट्या ठोकायला सोसायटी परवानगी देईल का, की वाळूच्या गोण्या आणू? १५ अँपियरचा पॉइंट किती लांब आहे? लाइट जाते का तुमच्याकडे, कारण ब्लोअर सतत चालू लागतो, लाइट गेली की जंपिंग मुलांसकट खाली बसतं. टेम्पो आत येईल का? वर झाडाच्या फांद्या आहेत का? मला वैताग आला. नवऱ्याला म्हणाले सुद्धा, "हा माणूस काम करायच्या आधीच कटकट करतोय." तिसऱ्याला मी स्वतःहून विचारलं होतं, पॉइंटचं काय करायचं? तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका ताई, सगळं होऊन जाईल." मला किती बरं वाटलं होतं!

ज्याला खरंच सामान आणून उभं करायचं असतं, तो प्रश्न विचारतो. ज्याला आणायचंच नसतं, त्याला तुमच्या लॉनवर माती असली काय अन् फरशी असली काय.

आता तो क्षण. त्याने कोटेशनची पीडीएफ पाठवली. रंगीत लोगो, अटी आणि शर्ती, खाली शिक्का. पत्ता हडपसरचा. आणि जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा. जीएसटीचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७. कर्नाटक २९. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी तो २९ बघितला. नीट बघितला. मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून बघितला. आणि मनात म्हणाले, 'टायपिंगची चूक दिसतेय, बिल करताना दुरुस्त करून घेऊ.' बिल! जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की फर्मचं नाव आणि राज्य समोर येतं, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट लागतो. ऑफिसात मी नव्या पार्टीचं एकही बिल हे केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. घरचं काम म्हणून सोडलं. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, सकाळचा डबा भरायचा होता, लेकीला ताप होता. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत, हे मला कळतं.

फोटो पण होते. सहा. त्यातल्या एकात जंपिंगच्या मागे दुकानाची पाटी अर्धी दिसत होती, कानडीत. तो मी आधी बघितला होता की नाही, देवाला ठाऊक. नंतर बघितला तेव्हा दिवसभर जेवले नाही.

पैसे असे गेले. बुकिंगला ५,००० मंगळवारी. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव दुसऱ्याच कोणाचं आलं, फर्मचं नाही. विचारलं तर म्हणे मॅनेजरचं खातं आहे, फर्मच्या खात्याची लिमिट संपली. शुक्रवारी फोन. रविवारी मोठी तारीख आहे ताई, तीन पार्ट्या मागतायत, सामानाचं डिपॉझिट ६,००० भरा, कार्यक्रम संपला की जागेवर परत. भरले. का? कारण मुलांना आमंत्रणं गेली होती, त्यावर मिकी माउसचं चित्र होतं, आणि लेक शाळेत सगळ्यांना सांगून आली होती. त्या माणसाला हे माहीत होतं, कारण मीच त्याला बोलता बोलता सांगितलं होतं. असल्या लोकांना काहीही जादा सांगू नका.

रविवारी तीन वाजता सामान लागायचं होतं. अडीचला फोन आला, "नवले पुलावर अडकलोय." पुण्यात राहणाऱ्या माणसाने या वाक्यावर संशय घ्यायचा तरी कसा? हडपसरहून कात्रजमार्गे आमच्याकडे यायचं तर नवले पूल लागणारच आणि तिथे अडकणं म्हणजे काही विशेष नव्हेच. सव्वातीनला परत. टेम्पोबाहेर सामान आलंय म्हणून ट्रॅफिकवाल्यांनी धरलंय, ड्रायव्हरकडे पैसे नाहीत, २,२०० टाका, फायनलमधून वजा करतो. मागून हॉर्नचे आवाज येत होते. टाकले. माझ्या सासूबाई शेजारीच फुगे फुगवत बसल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "पावती माग गं." मी त्यांना हाताने गप्प केलं. ते आता महिनाभर ऐकतेय, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पाचला फोन बंद.

साडेपाचला मुलं आली. रिकामं लॉन, एक स्टूल आणि त्यावर माझ्या भावाचा ब्लूटूथ स्पीकर. आमच्या विंगमधले एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी मुलांना गोल बसवून 'आईचं पत्र हरवलं' सुरू केलं. मग संगीत खुर्ची. मग चमचा-लिंबू. मुलं खूश होती, असं सगळे सांगतात. मी बघितलं नाही. मी पार्किंगमध्ये उभी राहून फोन लावत होते.

आणि खरी लाज पुढे आहे. सव्वासातला दुसऱ्या नंबरवरून फोन आला. आवाज वेगळा, वयस्कर. "मॅडम, मी मालक बोलतोय, आमच्या टेम्पोला अपघात झाला, फार वाईट वाटतंय, तुमचे सगळे पैसे परत करतो. आधी डिपॉझिट घ्या, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा म्हणजे रिव्हर्स होईल." अपघात ऐकून मी त्यालाच विचारलं, कोणाला लागलं नाही ना? आणि स्कॅन केलं. ६,००० दिसले. पिन टाकला. ६,००० गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅन हे पैसे देण्यासाठी असतं. हे मी माझ्या वडिलांना तीनदा शिकवलंय. हे वाक्य लिहिताना आत्ताही कान तापलेत.

आता आपल्या व्यवस्थेचं बघा. पहिली चूक माझीच, मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो सोमवारी रात्री, कारण रविवारी कोणाला सांगायचीच हिंमत झाली नाही. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) विचारला, तक्रार क्रमांक दिला. पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते, अडकवून ठेवायला सापडले ४१२ रुपये. चारशे बारा! तेही माझ्या हातात नाहीत. तुमच्यावर वेळ आली तर रडायच्या आधी १९३० लावा, जेवढा उशीर तेवढी खाती बदलतात.

मग पोलीस चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "सुशिक्षित दिसताय, मग असं कसं केलं?" मी म्हटलं, तेच तुम्हाला विचारायला आलेय. मग म्हणाले, माणूस हडपसरचा आहे ना, तिकडे जा. मी म्हटलं, साहेब, पत्ताच खोटा आहे, हडपसरला जाऊन कोणाला भेटू? आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात घेतात. हे मी आदल्या रात्री वाचून गेले होते. ते आवडलं नाही. मग म्हणाले, ही फसवणूक नाही, सेवा दिली नाही, हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, चारशेवीस नाही तर काय आहे हे? सोबतचा हवालदार हसून म्हणाला, "चारशेवीस आता राहिलं नाही मॅडम, ३१८ झालंय." १ जुलै २०२४ पासून झालंय, मलाही माहीत आहे. कलम बदललं, खुर्ची तीच! साडेतीन तास बसून एक अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला. एफआयआर नाही. अर्ज.

बँकेत गेले. पिन तुम्हीच टाकलाय मॅडम, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. परवानगीशिवाय पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी किती, याचे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम होते, त्यात मी बसत नव्हते. बरं, ज्या खात्यात गेले ते खातं उघडताना कोणाची तरी कागदपत्रं घेतली असतीलच ना? त्यावर, ते आम्ही सांगू शकत नाही. लेखी तक्रार द्या, ३० दिवस थांबा, उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माझं खातं उघडताना लाइट बिलावरच्या आडनावात एक वेलांटी चुकली म्हणून याच शाखेने मला दोन खेपा घालायला लावल्या होत्या.

ग्राहक आयोगाचं म्हणाल तर पाच लाखांपर्यंत फी नाही, राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं छान आहे. फक्त समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. तो मला मिळाला तर मी आयोगात जाईन कशाला, सासूबाईंना घेऊन त्याच्या दारात जाईन.

शेवटी मी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. तो २९ वाला नंबर पोर्टलवर टाकला. खरी फर्म निघाली, कर्नाटकातली. फोन केला. त्या गृहस्थांनी मोडक्या हिंदीत सांगितलं की महाराष्ट्रातून असे फोन येत असतात, फोटो आमचे, नंबर आमचा, माणूस आमचा नाही. ते माझ्यापेक्षा जास्त वैतागलेले होते.

तर बाबांनो, यूपीआयवर जे नाव येतं ते कोटेशनवर नसेल तर तिथेच थांबा, कितीही गोड बोलू दे. गोडाउनमधून व्हिडिओ कॉल मागा, ब्लोअर लावून जंपिंग फुगवून दाखव म्हणा. खऱ्याला पाच मिनिटं लागतात, खोट्याची लगेच रेंज जाते. तो कटकट्या दुसरा फक्त २,००० टोकन मागत होता आणि बाकीचे जंपिंग उभं राहिल्यावर. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाने पावती माग म्हटलं तर मागा.

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच फोटो दिसले. वेगळं नाव, वेगळा नंबर, पत्ता आता वाकडचा, पॅकेज १९,५००. कानडी पाटी कापून टाकली आहे. मी बहिणीच्या फोनवरून मेसेज केला, लॉनवर फरशी आहे, १५ अँपियरचा पॉइंट लांब आहे, जमेल का? दोन मिनिटांत उत्तर आलं, "टेन्शन घेऊ नका ताई, सगळं होऊन जाईल."

स्क्रीनशॉट चौकीतल्या साहेबांना पाठवला. निळ्या खुणा आल्या. त्याला आज नऊ दिवस झाले.