पायथनचं रेजेक्स : हळदीचा एक हंगाम वापरल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा हिशोबाचा प्रोग्राम मी सांभाळतो. लिहिणारा पुण्याला गेला आणि तो माझ्या गळ्यात पडला. ड्रायव्हर 'तासगाव, ३२ पोती, गाडी नंबर' असा मेसेज टाकतात. त्यातून तिन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या, एवढंच काम. त्यासाठी आधीच्या गड्याने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दीड ओळीचं एकच रेजेक्स, म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधणारं सूत्र, ठोकून ठेवलेलं.

ऐन हंगामात मालकांचा फोन : "काय ओ, पट्टीवर तासगावचा नुसता 'त' कसा काय आलाय?" मिरजेचा 'म', पलूसचं 'पल'. जत तेवढं शाबूत!

पूर्वी सगळे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, म्हणून हे चालून गेलं. यंदा मराठी कीबोर्ड आले. गावाचं नाव पकडायला त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण होती, आणि पायथनचं रेजेक्स तिच्यात अक्षर, अंक आणि अंडरस्कोर धरतं. काना, वेलांटी, अनुस्वार युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण) चिन्हांच्या वर्गात, त्यामुळे ते बाहेर. जतला काना नाही, मात्रा नाही, म्हणून ते वाचलं. आणि अंक पकडणाऱ्या बॅकस्लॅश डीला मात्र देवनागरी ३२ बिनतक्रार चालतात, इंट या फंक्शनला दिलं की आकडा हातात. म्हणजे आमचे अंक चालतात आणि काना चालत नाही! बाकीचं सगळं माफ, हे नाही. युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा चौकटी कंसात हाताने लिहिला की गाव अख्खं येतं, पण मी का लिहायचा?

रागाच्या भरात सगळीच रेजेक्स उपटायला घेतली. बरीच गेली, आणि बरं झालं. स्वल्पविरामावर स्प्लिट करून तुकडे, मग स्ट्रिपने कडेची मोकळी जागा काढायची. 'पोती' आहे का बघायला साधं इन. दुकानातलं कॉलेजचं पोरगंही ते वाचतं.

गाडी नंबरपाशी मात्र मत फिरलं. एमएच १० असो की कर्नाटकची केए, दोन अक्षरं, दोन अंक, एक-दोन अक्षरं, चार अंक. हेच इफ-एल्सने करायला गेलो तर पानभर कोड झाला आणि वाचताना मलाच धाप लागली. शेवटी स्पेस आणि डॅश आधी रिप्लेसने काढले, मग रेजेक्स व्हर्बोज फ्लॅग लावून लिहिलं : एका ओळीत एक भाग, त्याला नाव, शेजारी कॉमेंट. सर्चऐवजी फुलमॅच, म्हणजे अख्खा मजकूर साच्यात बसायला हवा, नाहीतर मागेपुढे कचरा असला तरी पास होतं. व्हर्बोजमध्ये पॅटर्नमधली मोकळी जागा धरली जात नाही, तेवढं लक्षात ठेवा.

डॉट-स्टारच्या ('काहीही, कितीही वेळा' ही खूण) मागे डॉट-स्टार दिसला तर मात्र हात आखडता घ्या. २ जुलै २०१९ ला अशाच एका पॅटर्नने वेबसाइटना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे सर्व्हर शंभर टक्के सीपीयूवर नेऊन जवळपास अर्धा तास बसवले होते.

पाचपैकी साडेतीन तारे. फुकट आहे म्हणून अर्धा जास्त, काना-मात्रेपायी एक पूर्ण कापलाय.